न्यू वार्डालच्या सतरा पायपेट्या

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या न्यू वार्डालमध्ये कुणी काही पुढे केलं तर आधी दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. ही रीत कुठे लिहून ठेवलेली नाही. लिहून ठेवलेलं तिथे कुणी पाळत नाही, म्हणून ती टिकली. कॉफी विचारली, की नको. पुन्हा विचारली, की अहो नको, कशाला उगाच त्रास. तिसऱ्यांदा विचारली, की बरं, एवढं म्हणताय तर अर्धाच कप. मग माणूस तीन कप पितो आणि वर वडी खातो. विचारणाऱ्यानेही तीनदा विचारायचं असतं. दोनदा विचारून जो थांबला, त्याच्या कंजूषपणाची चर्चा रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर होते.

एल्मर ओपगार्ड एकदा बर्फ फुटून तळ्यात पडला. काठावरच्यांनी दोर फेकला. पहिल्यांदा डोकं वर आलं तेव्हा एल्मर म्हणाला, राहू द्या, तुम्ही कशाला भिजता. दुसऱ्यांदा वर आलं तेव्हा म्हणाला, खरंच नको. तिसऱ्यांदा वर आला म्हणून बरं. त्याची नातवंडं ही गोष्ट सांगतात, आणि ती नातवंडं आहेत हाच तिचा पुरावा.

आर्डिस क्वामेला मात्र तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नव्हतं. आर्डिस म्हणजे तीस वर्षं शाळेत शिकवून, निवृत्तीनंतर बिनपगारी गावाचं संग्रहालय सांभाळणारी बाई. वय त्र्याहत्तर, कणा ताठ, चष्मा गळ्यात दोरीला. ती चोवीस वर्षांची असताना रोलंड नावाचा लोण्याच्या कारखान्यांचा तपासनीस गावात यायचा. चर्चच्या सहलीत बटाट्याच्या सॅलडची वाटी हातात धरून त्याने तिला लग्नाचं विचारलं. आर्डिस लाजली आणि म्हणाली, "छे, काहीतरीच, नको." आणि पुढच्या विचारण्याची वाट बघत उभी राहिली. रोलंडने वाटी खाली ठेवली, हॅट घातली आणि गेला. तो आयोवाचा होता. आयोवा काही सातासमुद्रापलीकडे नाही, शेजारचंच राज्य. पण तिथली माणसं एकदाच विचारतात. नाताळच्या आत त्याचं दुसरीकडे जमलं. न्यू वार्डालमध्ये यावर एवढंच बोललं गेलं, की घाई फार होती त्याला.

तर संग्रहालय. जुन्या रेल्वे स्टेशनात ते आहे. गाडी बंद झाल्यावर इमारतीचं काय करायचं हा प्रश्न आला, आणि ज्या इमारतीचं काही करता येत नाही तिचं संग्रहालय करतात. वर प्रतीक्षालयाचा मोठा दिवाणखाना, कोरडा, शेगडीने उबदार. खाली तळघर. मागे नदी.

आजीची वस्तू फेकली तर पाप लागतं आणि घरात ठेवली तर अडचण होते. यावर गावाने संग्रहालय हा तोडगा काढला होता. आर्डिस सकाळी कुलूप उघडायला जायची तेव्हा दारात काहीतरी उभं असायचं. चिठ्ठी नाही, नाव नाही. चाकांच्या खुणा मात्र बर्फात असायच्या, आणि गावात कुणाच्या गाडीचं कुठलं चाक झिजलंय हे सगळ्यांनाच ठाऊक. लोणी काढायची घुसळणी आली, नवऱ्यामुलींचे झगे आले, दोन डोक्यांचं भुसा भरलेलं वासरू आलं. त्याचं एक डोकं पुढे उंदरांनी खाल्लं, त्यामुळे आता ते नुसतंच वासरू होतं. आणि पायपेट्या आल्या. पायाने भाता मारून वाजवायच्या, उंच पाठीच्या, आरसेवाल्या, कोरीव खांबांच्या पायपेट्या, एकूण सतरा. गावात माणसं बाराशे. वाजवता येणारं एकही नाही.

पहिली पेटी मर्लिन स्टोर्डालची. मर्लिन संग्रहालय चालवणाऱ्या इतिहास मंडळाचा अध्यक्ष. जन्मभर त्याने ट्रॅक्टर विकले, आणि गिऱ्हाईक दोनदा नको म्हणेपर्यंत तो किंमतच सांगत नसे. त्याची पणजी अठराशे एकाहत्तर साली बैलगाडीतून हे गवताळ रान ओलांडून आली, ती या पेटीवर बसून, वाटभर भजनं वाजवत, अशी त्याच्या घरची कथा. ऐकणाऱ्याप्रमाणे कथेत भर पडायची. शाळेतली मुलं आली की बैलही सुरात चालायचे. मर्लिनची पेटी आली म्हटल्यावर बाकीच्या सोळा घरांना आपापल्या पणज्या आठवल्या. त्या सगळ्या जणी पेटीवर बसूनच आल्या होत्या. मिनेसोटाच्या पश्चिम भागात त्या वर्षी चालत आलेलं कुणी नसावं.

या सतरा पेट्यांनी दिवाणखाना भरला. म्हणून कागद तळघरात.

कागद म्हणजे काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, गरीबघराच्या नोंदवह्या. ज्यांचं पीक गेलं, नवरा गेला, डोकं गेलं, त्यांना काउंटी तिथे ठेवायची. प्रत्येकाचं नाव, वय, आणि येताना बरोबर काय आणलं, हे कारकून लिहून घ्यायचा. अशा अकरा वह्या. निम्म्या गावाचं कुणी ना कुणी त्यांत आहे आणि उरलेलं निम्मं गाव त्यांच्याशी सोयरीक करून बसलंय, म्हणून मंडळाने फार वर्षांपूर्वी ठराव केला होता, की ह्या वह्या जपाव्यात, पण वर आणू नयेत. नदीने हा ठराव मनावर घेतला. दर वसंतात बर्फ वितळलं की पाणी तळघरात यायचं आणि दर वर्षी फळीमागून फळी चढायचं. पहिल्या पाच वह्यांचा लगदा झाला होता. आता सहावीची पाळी होती.

सहाव्या वहीत, पान दोनशे बारावर, आर्डिसची आजी होती. 'इंगा. मुलगी. वय अंदाजे सहा. आईबरोबर आली. सामान: बूट एक जोडी, डाव्याला तळ नाही.' बाकी जगात इंगाचा मागमूस नाही. बाप्तिस्म्याची वही चर्चबरोबर जळाली आणि थडग्याच्या दगडावर नुसतं 'नील्सची बायको' असं लिहिलंय. आर्डिसने वह्यांखाली विटा लावल्या, मेणकापड गुंडाळलं, पण मेणकापडाच्या आत घाम धरायचा. वही घरी नेण्याचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. पण बावीस वर्षांत संग्रहालयाची टाचणीही तिने घरी नेली नव्हती. एकदा तिने मर्लिनला विचारलं होतं, की वह्या वर आणाव्यात का. मर्लिनने दिवाणखान्याकडे हात केला आणि म्हणाला, "वर जागा कुठाय?" दुसऱ्यांदा विचारायचं तर एखादी पेटी हलवा म्हणावं लागलं असतं. पेटी हलवा म्हणजे तुझी पणजी हलव.

अशात फेब्रुवारीत पत्रक आलं.

हे पत्रक राजधानीतून, राज्यभरच्या छोट्या संग्रहालयांच्या संघाकडून दर महिन्याला यायचं. पिवळा कागद, वर लिहिलेलं: बातम्या आणि संधी. बातम्या अशा, की अमुक गावच्या मंडळाने बटणांची मोजणी पूर्ण केली, तमुक गावच्या भुसा भरलेल्या घुबडाला आता बरं आहे. संधी अशा, की जुन्या झग्यांच्या घड्या कशा घालाव्यात यावर दोन दिवसांचं शिबिर, डबा आपापला आणावा. आर्डिस ते अक्षरन् अक्षर वाचायची. मर्लिन त्याच्यावर कॉफीचा कप ठेवायचा.

या वेळी तिसऱ्या पानावर, तळाशी, एक कोरडी खोली होती. संघ प्रत्येक विभागातल्या एका संग्रहालयाला एक खोली नीट करून देणार होता: लोखंडी कपाटं, हवा कोरडी ठेवणारं यंत्र, बारमाही सारखी ऊब. अट एकच, की आणखी कुठे नाही अशी एक गोष्ट तुमच्याकडे हवी. एक बाई येऊन बघून जाईल. मग फोन येईल, आणि उत्तर तिथल्या तिथे द्यायचं, कारण यादीत पुढचं गाव वाट बघत असेल.

आर्डिसने मंडळाच्या बैठकीत पत्रक वाचून दाखवलं. मर्लिन उठूनच उभा राहिला. आणखी कुठे नाही अशी गोष्ट म्हणजे सतरा पायपेट्या, यात त्याला शंकाच नव्हती. खोली पेट्यांसाठी; लाकूड कोरडं राहील, आरसे डागणार नाहीत. एल्मरची सून बेव्हर्ली ओपगार्ड, जी मंडळाची चिटणीस आणि लिंबाच्या वड्यांची जाणकार होती, म्हणाली की सतरा जरा जास्त वाटतात का. पण तिची स्वतःची पेटी नववी होती, त्यामुळे ती पुढे बोलली नाही.

अर्जात दोन रकाने होते, पहिली पसंती आणि दुसरी. पहिल्यात पेट्या आल्या. दुसऱ्यात काय घालावं हे कुणालाच सुचेना. वासराचं नाव निघालं, पण त्याला आता एकच डोकं. शेवटी मर्लिन म्हणाला, "घाल गं काहीतरी. दुसरी पसंती कोण बघतंय."

आर्डिसने बारीक अक्षरात लिहिलं: गरीबघराच्या नोंदवह्या, सहा.

बघायला येणारी बाई मार्चच्या सुरुवातीला आली. इमानी ग्रँडिसन तिचं नाव, पस्तिशीची, मूळची फिलाडेल्फियाची, राजधानीत येऊन सहाच महिने झालेले. फिलाडेल्फियात माणूस दारात दोनदा नको म्हणत उभा राहिला तर मागचा त्याला ढकलून आत जातो. बेव्हर्लीने वड्यांची थाळी पुढे केली. "घेता का?" इमानीबाई म्हणाल्या, "हो, घेते की," आणि दोन उचलल्या.

बेव्हर्लीच्या हातात थाळी तशीच राहिली. पुढची दोन विचारणी तिच्या घशात अडकली होती, आता ती कुणाला करायची? नंतर ती कितीतरी दिवस सांगत होती, की बाई चांगल्या होत्या, पण फार भूक लागली असावी बिचारीला. थोड्या वेळाने इमानीबाईंनीच थाळी घेऊन मर्लिनपुढे धरली, तो रीतीप्रमाणे नको म्हणाला, आणि थाळी सरळ पुढे गेली. मर्लिन थाळीकडे बघत राहिला. त्याला वाटलं, बाई विसरल्या.

आर्डिसने हे सगळं पाहिलं. तिला सॅलडची वाटी आठवली. ह्या बाई आयोवाच्या नव्हत्या, पण त्यांची जात तीच.

मर्लिनने पेट्या दाखवल्या. बैलगाडी, पणजी, भजनं, सगळं झालं. इथे माणूस पहिल्यांदा आला तो अठराशे एकाहत्तरला, असंही तो म्हणाला.

"आणि त्याआधी इथे कोण राहायचं?" इमानीबाईंनी विचारलं.

"त्याआधी? कुणी नाही."

बाईंनी भिंतीजवळचा एक खण सहज ओढला. आत सिगारच्या डब्यात गारगोटीचे बाणाचे फाळ भरलेले होते, पन्नास-साठ, आणि वर चिठ्ठी: इतर. खण हळूच लावून त्या गुडघ्यावर बसल्या आणि पहिल्या पेटीची मागची फळी काढून बॅटरी मारली. आत कारखान्याचा शिक्का होता: शिकागो, अठराशे शहाण्णव, आणि खाली डागलेला आकडा, चाळीस हजार सहाशे अठरा.

"शहाण्णव," बाई म्हणाल्या.

"गाडी हळू चालायची," मर्लिन म्हणाला.

आर्डिसला तो आकडा नवा नव्हता. वीस वर्षांपूर्वी धूळ पुसताना तिने तो पाहिला होता, आणि दुसऱ्याच दिवशी तळघरात आठव्या वहीत वाचलाही होता. तेव्हापासून ती गप्प होती. गावात चांगली माणसं बोलत नाहीत. ती फक्त हवापाण्यावर बोलतात.

मग इमानीबाई तळघरात उतरल्या. मर्लिन वरच थांबला, त्याच्या गुडघ्याला जिने चालत नव्हते. खाली ओल होती, विटा होत्या, मेणकापड होतं. आर्डिसने सहावी वही उघडून दाखवली. मुद्दाम पान दोनशे बारा काढलं नव्हतं, पण वहीला तिथेच उघडायची सवय झाली होती. बाईंनी इंगा वाचली. बुटाचं वाचलं. बराच वेळ वाचत राहिल्या.

"ही कोण?"

"होती एक इथलीच," आर्डिस म्हणाली.

"पाणी कुठवर येतं?"

आर्डिसने भिंतीवरची रेघ दाखवली. मागच्या वर्षीची रेघ सहाव्या फळीच्या बोटभर खाली होती.

फोन यायचा ठरला एप्रिलच्या पहिल्या गुरुवारी. बर्फ मऊ पडलं होतं, नदी रात्रंदिवस कुरकुरत होती. आर्डिस तीन दिवस झोपली नाही. तिला दोन गोष्टी कळत होत्या. पेट्यांना खोली मिळाली तर वह्या गेल्या. आणि मर्लिनला बाईंनी विचारलं, खोली हवी का, तर मर्लिन काय म्हणणार हे तिला ठाऊक होतं. त्या बाई ते कसं घेणार हेही तिला एकटीलाच ठाऊक होतं. हे मर्लिनला सांगायला हवं, असं तिच्यातली शिक्षिका म्हणत होती.

म्हणून तिने सांगितलं, तिच्या परीने. गुरुवारी सगळे टेबलाभोवती जमले, मधोमध फोन ठेवला, तेव्हा ती म्हणाली, "मर्लिन, त्या बाईंशी मी बोलू का? त्यांची बोलायची तऱ्हा वेगळी आहे."

"नको, नको," मर्लिन म्हणाला.

तिने आणखी दोनदा विचारावं म्हणून तो थांबला. आर्डिसने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि नदीकडे बघितलं. जन्मात पहिल्यांदा तिने कुणाचा पहिला नकार खरा धरला.

फोन वाजला. इमानीबाईंचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला होता. त्यांनी आधी आभार मानले, वड्यांची आठवण काढली. बेव्हर्लीने मान खाली घातली. मग म्हणाल्या, की खोली न्यू वार्डालला द्यायची असं ठरलंय. टेबलावर कुणी हसलं नाही; आनंद झाला की न्यू वार्डालची माणसं आणखी गंभीर होतात.

"खोली एकच आहे, आणि ती एकाच गोष्टीसाठी," बाई म्हणाल्या. "तुमची पहिली पसंती पायपेट्या. अध्यक्षांना विचारते. ही खोली पेट्यांसाठी हवी ना?"

मर्लिन खुर्चीत मागे रेलला. हाच क्षण तो महिनाभर घोळवत होता. छातीवर हात ठेवून, आवाज मऊ करून तो म्हणाला, "अहो, नको नको. एवढं कशाला. आमच्यापेक्षा गरजू कितीतरी असतील."

"बरं. पेट्यांसाठी नको, असं लिहिते," बाई म्हणाल्या. पेनाचा खरखर आवाज फोनमधून स्पष्ट आला.

मर्लिनचा चेहरा हसराच राहिला. तो दुसऱ्या विचारण्याची वाट बघत होता. तोंड थोडं उघडं, 'खरंच नको' जिभेच्या टोकावर तयार. विचारल्याशिवाय बोलायची सोय नाही. आपण होऊन हवं म्हणणं म्हणजे चर्चच्या जेवणात दुसऱ्याच्या ताटातलं उचलणं. तळ्यात पडलेल्या एल्मरने दोर हिसकावला नव्हता, मर्लिन काय फोन हिसकावणार?

"मग दुसरी पसंती," बाई म्हणाल्या. "गरीबघराच्या वह्या. त्यांच्यासाठी हवी का?"

सगळे आर्डिसकडे बघायला लागले. आता तिची पाळी नको म्हणायची. बेव्हर्लीने तर सवयीने मानही हलवली, नको अशी.

आर्डिसची जीभ टाळूला चिकटली होती. त्र्याहत्तर वर्षं ज्या जिभेने पहिल्यांदा नकोच म्हटलं होतं, तिला दुसरा शब्द माहीत नव्हता. कानात नदी वाजत होती. चर्चची सहल, बटाट्याचं सॅलड, हॅट घालून जाणारी पाठ. डाव्याला तळ नाही.

"कुणी आहे ना तिकडे?" बाई म्हणाल्या. "नाहीतर पुढच्या गावाला फोन लावते."

"हो," आर्डिस म्हणाली. "हवी."

बेव्हर्लीचा चमचा बशीत पडला. फोनमधून बाई म्हणाल्या, की छान, सोमवारी माणसं पाठवते, आणि फोन बंद झाला. मर्लिनचं तोंड अजून उघडंच होतं. शेवटी त्याने विचारलं, "त्या पुन्हा फोन करतील ना?"

"नाही," आर्डिस म्हणाली.

गावात महिनाभर दुसरा विषय नव्हता. आर्डिस क्वामेने पहिल्या फटक्यात हो म्हटलं. काहींच्या मते ते वयामुळे, काहींच्या मते पोटात काहीतरी असावं. पाद्रीबाबांनी रविवारी लोभावर प्रवचन केलं, नाव न घेता, पण बघून. दोन घरांतून आर्डिसकडे हॉटडिश आलं, म्हणजे भट्टीत भाजलेलं मांस आणि भाज्या. आजारी माणसाकडे पाठवतात तसं, वर चुरलेल्या बटाट्यांचा थर देऊन. तिने ते पहिल्या विचारण्यालाच घेतलं. एकदा लाज सुटली की सुटली.

दिवाणखान्यात कपाटं आली, यंत्र आलं. पेट्या तळघरात गेल्या, कारण वर जागा कुठाय. वह्या वर आल्या त्याच आठवड्यात नदी खाली शिरली. पाणी पेट्यांच्या पायपट्ट्यांपर्यंत चढलं आणि तिथे थांबलं.

मर्लिन तक्रार करायला आला. पणजीची पेटी पाण्यात उभी आहे, हे त्याला रीतीत बसवून सांगायचं होतं, म्हणून त्याने आधी पाऊणतास हवेवर बोलून घेतलं. आर्डिसने सगळं ऐकलं. मग कपाटातून आठवी वही काढून टेबलावर ठेवली, एक पान उघडलं आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभी राहिली.

मर्लिनने चष्मा लावला. एकोणीसशे अकरा. 'कर्स्टी हौगेन, विधवा. वय एकोणपन्नास. सामान: पायपेटी एक, अक्रोडाच्या लाकडाची, शिकागो, क्र. ४०६१८. काउंटीने लिलावात काढली. घेणार: स्टोर्डाल.' आणि पुढे कारकुनाने, त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, एक ओळ जादा लिहिली होती. 'बाईंनी जाण्यापूर्वी एकदा वाजवू द्या म्हटलं. वेळ नव्हता.'

मर्लिनने ते एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्याने चष्मा काढून पुसला, जो स्वच्छच होता.

"वेगळंच आहे हे," तो म्हणाला. न्यू वार्डालमध्ये याहून कडक शब्द नाही.

"किती वर्षं माहितीय तुला?"

"वीस."

"बोलली नाहीस."

"तू विचारलं नाहीस," आर्डिस म्हणाली. "कॉफी घेतोस?"

"हो," मर्लिन म्हणाला.

त्याच्या बायकोच्या कानावर हे संध्याकाळपर्यंत गेलं आणि तिने सरळ डॉक्टरांना फोन केला.

मर्लिनने पाणी ओसरल्यावर चार माणसं लावून आपली पेटी वर आणली आणि तिच्यावर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली: 'कर्स्टी हौगेन यांची. आमच्याकडे ठेवायला होती.' एकशे आठ वर्षं ठेवायला. पण स्टोर्डालच्या जिभेवरून एवढं उतरलं, हेच फार झालं.

चिठ्ठी वाचायला गाव लोटलं. वाचून प्रत्येक जण कपाटांकडे वळून बघायचा, सहा वह्यांकडे, आणि मग घरी जायचा. त्यानंतर गंमत सुरू झाली. आर्डिस सकाळी कुलूप उघडायला जायची तेव्हा तळघराच्या मागच्या दाराशी चिखलात चाकांच्या खुणा असायच्या आणि आत एक पेटी कमी. सोमवारी बारावी गेली. बुधवारी पाचवी आणि सहावी. ज्या पहाटेच्या वाटेने पणज्या आल्या होत्या, त्याच वाटेने त्या परत घरी जायला लागल्या. चिठ्ठी नाही, नाव नाही. बेव्हर्लीची नववी गेली त्या दिवशी तिने वड्या पाठवल्या, जास्तीच्या. जूनच्या मध्याला तळघरात फक्त वासरू उरलं.

त्या सोळांपैकी वहीत नोंद दोनच पेट्यांची होती. पण त्या कुठल्या दोन हे आर्डिसला कुणी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगायची गावात पद्धत नाही.

ऑगस्टच्या पिवळ्या पत्रकात, घुबडाच्या बातमीखाली, एक बातमी आली: न्यू वार्डालच्या मंडळाने जागेचा प्रश्न एकही दाता न दुखावता सोडवला, सोळा मोठ्या वस्तू मूळ घरांनी स्वखुशीने परत नेल्या. राज्यात असं याआधी कधी झालं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी इमानीबाईंचा फोन आला. सगळ्या संग्रहालयांची दोन दिवसांची परिषद आहे, चारशे माणसं येणार, हे तुम्ही कसं केलंत ते सर्वांना शिकवायला याल का?

आर्डिसच्या पुढ्यात सहावी वही उघडी होती, कोरडी, कडा सरळ. ती पान दोनशे बाराची सुवाच्य नक्कल करत बसली होती, थडग्याच्या दगडवाल्याला द्यायला. पाथरवट म्हणत होता एवढी ओळ मावणार नाही, बूट गाळा. ती म्हणत होती नाव लहान कोर, पण बूट राहू दे.

"नको," ती फोनवर म्हणाली.

"बरं," इमानीबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आर्डिसने क्षणभर फोनकडे बघितलं. मग ती हसली, कारण या वेळी तिला खरंच नको होतं.